उष्णतेची बदली

माझ्या टेबलाखाली एक नदी कोंडलेली असायची.
खरी नव्हे, कॅल्डरचे नुसते आकडे:
पाऊस एवढा पडला तर हॉर्बरीच्या पुलापाशी
पाणी कितव्या पायरीला लागेल.
रात्रभर तेच गणित, आणि ते करता करता
पेटी तव्यासारखी तापायची,
तिन्ही पंखे घुमायला लागायचे.
निशिकांत झोपेतच म्हणायचा, गिरणी बंद कर गं.

ऑसेटमधलं हे घर चिंचोळं, दगडी,
शेजाऱ्याच्या भिंतीला पाठ लावून बसलेलं.
पलीकडे नॉर्मन हेग, वय एक्क्याऐंशी.
एकदा दारात येऊन विचारून गेला,
“रात्री तुमच्याकडे विमान उतरतं का?”

मग ठरवलं, उष्णतेची बदली करायची.
वरच्या खोलीतून थेट तळघरात,
पूर्वी जिथे कोळसा ओतत.

भंगारातून व्हॉक्सहॉलचा रेडिएटर आणला, पंधरा पौंड.
व्हिनेगरने तीनदा धुतला,
तरी त्यातून गंजाचा चहा निघतच राहिला.
पंप, नळ्या, पितळी जोड,
आणि लाकडी जमिनीला दोन भोकं.
हातभर लांबीचं ड्रिल नॉर्मनने दिलं,
वर एकच सल्ला: “तुळई चुकव.”

चाचणीच्या रात्री प्रत्येक जोडाखाली
टिश्यूचा कागद पसरला,
तासातासाला उठून चाचपत राहिले
तान्ह्याचं लंगोट चाचपावं तसं.
कोरडं. कोरडं.
तीन वाजता रुपयाएवढा ओला डाग.
स्क्रूला अर्धा वळसा.
कोरडं.

आता पाणी गार होऊन वर येतं,
चिपचा ताप अंगावर घेतं
आणि अकरा फूट खाली उतरून
अंधारात टाकून येतं.
चौऱ्याऐंशीवरून बावन्न अंश.
पाण्याचा हिशेब, पाण्याच्याच जिवावर.
खोली इतकी गप्प झाली
की मला वाटलं, यंत्र गेलं.
निशिकांत दचकून उठला: काय झालं?
काही नाही. झोप.

गप्प खोलीत काय काय ऐकू येतं!
फ्रिजचा उसासा, निशिकांतचं दात खाणं,
भिंतीपलीकडे नॉर्मनचा खोकला,
खोकल्यानंतर “जीन” अशी हाक,
आणि मग बराच वेळ काहीच नाही.

जानेवारीत तो घमेलं घेऊन आला,
त्यात मातीने माखलेले तीन गड्डे.
“तुमचं तळघर ऊबदार झालंय म्हणे. अंधार आहे ना पुरता?”
चाळीस वर्षं तो रुबार्बच्या शेडमध्ये राबलेला,
जिथे मेणबत्तीच्या उजेडात काढणी चालते.
गड्डा आधी शेतात कडाक्याची थंडी खातो,
मग काळोखात ऊब लागली
की फसतो बिचारा,
वसंत आला समजून घाईने उठतो.

रेडिएटरसमोर ते तिघे पुरले.
तीन आठवड्यांनी नॉर्मन जिना उतरला,
एकेक पायरी, माझ्या खांद्यावर हात ठेवून.
“तुझा तो पंप थांबव जरा.”
वर जाऊन मी नदी थांबवली. एक मिनिट.
पंपही थांबवला, खाली आले,
काळोखात दोघं उभे राहिलो.

टप्.

गालात बोट घालून पोरं काढतात तसा आवाज.
कोंब पापुद्रा फोडून बाहेर आला.
पुन्हा, डावीकडे, टप्.
“जीनला माझ्या आधी ऐकू यायचं,” तो म्हणाला.
मिनिट संपून गेलं होतं.
पंप लावायचा म्हणून मी वर गेले
आणि जिन्यात उगीचच थांबले थोडी.

दांडे निघाले गुलाबी, अंबाडीहून आंबट.
गूळ घालून त्यांचा मेथांबा केला,
एक बाटली त्याला दिली.
“वाईट नाही,” म्हणाला.
इकडे एवढं म्हणणं म्हणजे सत्कारच.

बाटली धुऊन परत आली.
झाकणाला मेथीचा वास तसाच.